रुसलेला मामा

वैशाखातला रविवार, दोन वर्षांपूर्वीचा. आमच्या इमारतीत घरं अठ्ठावीस, त्या दिवशी उघडी होती सहा. बाकीच्या दारांना कुलपं, कारण मे महिन्यात नवी मुंबईतल्या या उलव्यातली निम्मीअधिक माणसं आपापल्या गावी असतात. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात हजर होतो आम्ही चौघं: मी, दुसऱ्या मजल्यावरचे सावंत, वॉचमन रामसिंग आणि माझी बायको सुमन. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या पहाटे गेले होते. खांदे चार हवे होते. सावंतांचा एक गुडघा कामातून गेलेला आणि सुमनचं मनगट आधीच दुखरं, त्यामुळे चार म्हटले तरी ते खऱ्या अर्थाने चार नव्हते.

मी हिशेबाचा माणूस आहे. एका कंपनीत जमाखर्च पाहतो आणि सोसायटीचा खजिनदारही मीच आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नसतं. म्हणून कुठलीही गोष्ट सांगताना आधी तारीख, मग संख्या, मग हजर माणसं, अशीच ती माझ्या तोंडून निघते. पण जे आठवतंय ते काही संख्येत बसणारं नाही. यंदा पुन्हा वैशाख लागला आणि ते सगळं वर आलं, म्हणून लिहितो आहे.

आमच्या इमारतीसमोर एक अरुंद गल्ली आहे, आणि गल्लीपलीकडे जुनं गावठाण. आम्ही यायच्या कितीतरी आधीपासूनचं. या दिवसांत तिथे एकाआड एक घरापुढे मांडव असतो. दुपारचा खारा, ओलसर वारा सुटतो. गच्च्यांवर पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी पसरलेली असते, आणि तिच्या वासात कुणाकडच्या तरी हळदीसाठी भाजल्या जाणाऱ्या मसाल्याचा वास मिसळतो. गल्लीच्या तोंडाशी ताडगोळे सोलत बसलेली बाई असते. बँजोवाल्यांची जुळवाजुळव चालते. डोक्यावरून विमान गेलं की ते एक क्षण थांबतात आणि मग त्याच्यावर सूड घेतल्यासारखे दुप्पट जोराने वाजवतात.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हा मोसम येतो.

‘आज कोणाची हळद आहे? खिडक्या हादरतायत.’

‘कानात कापूस घाला काका.’

‘एवढं टेन्शन घेऊ नका, दोनच दिवस असतं.’

‘जमीन त्यांचीच होती हो. आपण कोपऱ्यावर बसलोय त्यांच्या. वाजवू दे.’

मी या वादात पडत नाही. कोपऱ्यावर बसलोय हे मला पटतं आणि खिडक्या हादरतात हेही खरं आहे.

आप्पा वाशीच्या बाजारात माथाडी होते. पाटणजवळच्या आमच्या गावातून विशीच्या आत आले आणि साठीपर्यंत पाठीवर गोणी वाहिल्या. मानेच्या मागे त्यांना एक घट्टा पडला होता. लहानपणी मी त्याला बोट लावून बघायचो, चामड्यासारखा लागायचा. आमची सगळी भावकी याच कामातली, कोपरखैरणे-घणसोलीत राहणारी. एरवी हाक मारली असती तर अर्ध्या तासात पन्नास माणसं जिन्यात उभी राहिली असती. पण त्या आठवड्यात गावाला जत्रा होती. सगळे तिकडे. आप्पांना प्रवास झेपणार नव्हता म्हणून आम्ही तेवढे राहिलो होतो. पहाटे फोन गेल्यावर भावकी लगेच निघाली, बहीणही निघाली, आणि सुट्टीच्या गर्दीत सगळ्यांच्या गाड्या घाटात अडकल्या. डॉक्टर येऊन कागद देऊन गेले होते. ऊन चढत होतं. बहीण फोनवर रडत म्हणाली, “दादा, आमच्यासाठी थांबू नका. उन्हाचं दिवस हायत. आमी सरळ तिकडंच येतो.”

शववाहिनी खाली आली तेव्हा कळलं की स्ट्रेचर लिफ्टमध्ये जात नाही. आमच्या लिफ्टमध्ये माणूस उभा मावतो, आडवा मावत नाही. या इमारतीत कधी कुणी मरेल, हे बिल्डरने धरलेलंच नव्हतं. शववाहिनीच्या ड्रायव्हरने कंबरपट्टा दाखवला आणि म्हणाला, “मला वजन उचलायला मनाई आहे शेलारसाहेब, माफ करा.”

सुमनने पदर खोचला. “चौथी मी.”

“अगं, तुझं मनगट—”

“मनगट मी बघते. तुम्ही पुढं व्हा.”

तर आम्ही निघालो. जिना अरुंद, वळणावर आणखी अरुंद. रामसिंग पुढून “धीरे, बाबूजी, धीरे” म्हणत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सावंतांचा गुडघा मुडपला, स्ट्रेचर एका बाजूला कललं आणि सगळा भार सुमनच्या हातावर आला. तिने दात आवळलेले मला दिसत होते. मी काही करू शकत नव्हतो, माझे दोन्ही हात गुंतलेले.

त्याच वेळी खालून एक माणूस वर येत होता. पन्नाशीचा, काळासावळा, रुंद. अंगात कोरा पांढरा सदरा, घडीच्या रेषा अजून न मोडलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. लग्नघरचा माणूस, हे लांबूनही कळावं असा. मान वर न करताच तो बोलत येत होता, “शेलारसाहेब कंच्या मजल्यावर? आमचे पाव्हन्यांच्या दोन-चार गाऱ्या तुमचे कंपाउंडान लावायच्या व्हत्या—”

मग त्याने वर पाहिलं.

एवढंच मला स्पष्ट आठवतं: त्याने खिशातून रुमाल काढला, कपाळावरचं कुंकू पुसलं, रुमाल परत खिशात ठेवला आणि सुमनच्या हाताखाली हात घालून म्हणाला, “वैनी, सोरा तुमी. मी धरलाय.”

कोण गेलं, कधी गेलं, हे त्याने विचारलं नाही. खाली पोचल्यावर मात्र तो थांबला. “म्होरच्या गेटानं नको. समोर मांडव हाय, पोर दारानच बसलीय. मागून काढा.” आम्ही मागच्या गेटने निघालो. गाडीत बसता बसता त्याने फोन लावला. समोरच्या मांडवात सकाळपासून मोठ्या आवाजात साउंडची, म्हणजे स्पीकरच्या भिंतीची, चाचणी चालली होती, तिचा धक्का छातीला बसत होता. “बाल्या, आवाज बंद कर. नाय, येकदमच बंद. कारन इचारू नको. जनरेटर बिगारलाय सांग. कोनी इचारला तर माझं नाव सांग.” आमची गाडी वळेपर्यंत गल्ली गप्प झाली होती.

गाडीत तो आप्पांच्या पायाशी बसला. थोड्या वेळाने त्यांच्याकडे बघत म्हणाला, “कवरा हलका झालाय ह्यो बाबा.”

“माथाडी होते,” मी म्हणालो. “चाळीस वर्षं गोणी उचलल्या.”

“मंग वजन सगला बाजारानच ठेवून आला.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता रडलो.

स्मशान खाडीजवळ आहे. ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता. बहीण आणि भावकीतले पहिले काही जण पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. त्या गडबडीत मी बाजूच्या नळापाशी गेलो तर हा माणूस अंगावर पाणी घेऊन सदरा पिळत उभा होता. मी नाव विचारलं.

“हिराजी.”

“काशिनाथदादांकडचे ना तुम्ही?” काशिनाथ म्हात्रे हे आमचे गल्लीपलीकडचे शेजारी. मांडव त्यांच्याच मुलीच्या लग्नाचा होता.

“हां, तिकरचाच. पाव्हना.” मग म्हणाला, “साहेब, येक सांगू? मी इथं आल्तो ते कोनाला बोलू नका. मांडवाचं घर हाय.”

मी शब्द दिला. शुभकार्य आहे, त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणत असेल, असं मी धरलं. मग आठवलं म्हणून रामसिंगला फोन करून सांगितलं की म्हात्र्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या आपल्या आवारात लागू दे.

“आता तां ऱ्हाव दे वो,” हिराजी म्हणाला.

“तेच विचारायला आला होतात ना? मग लागू दे.”

त्या संध्याकाळी आमच्या घरात आप्पांच्या जागेवर दिवा लावला होता. पाहुणे भिंतीला टेकून बसले होते. समोरची हळद मोठ्या आवाजाविना चालली होती, कारण जनरेटर काही दुरुस्त झाला नाही. त्याऐवजी म्हाताऱ्या बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. आगरी लग्नात धवलारीण असते, लग्नाचे विधी गाण्यातून करणारी. एरवी यंत्रांच्या गोंगाटात तिचा आवाज आमच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. संथ, एकाच पट्टीतलं, खोल पाण्यासारखं गाणं. शब्द सगळे कळत नव्हते. सुमन कान देऊन ऐकत म्हणाली, “देवांना आवतण देतायत. एकेकाचं नाव घेऊन.” बहिणीने डोळे पुसले. तिला वाटलं, ते आप्पांसाठीच चाललंय. मी तिला काही समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न. सुतकातल्या माणसाला खिडकीशिवाय करमणूक नसते. मांडवाच्या बाहेर, गटाराच्या कडेला एक शेवगा आहे. त्याच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर हिराजी बसला होता. सकाळी दिसला, मुहूर्ताच्या वेळी दिसला, जेवणं चालली तेव्हाही तिथेच. कुणीतरी ताट आणून दिलं ते त्याने मांडीवर घेऊन खाल्लं. येणारे-जाणारे त्याच्याशी काहीतरी बोलत होते, काही जण हात जोडून विनवल्यासारखं करत होते, आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. एक बाई बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहून हातवारे करून बोलली आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली. मला वाटलं, गाड्यांवर लक्ष ठेवायला याला बसवलाय आणि त्यावरून काही बोलाचाली झाली असेल.

चारआठ दिवसांनी काशिनाथदादा भेटायला आले. “वेलेला कलवाला पायजे व्हता साहेब. लग्न असला तरी येक-दोन मानसं पाठवली असती.” मी मान हलवली. शब्द दिलेला होता.

आप्पांकडे मोठ्या माणसाची एक खूण होती. बाजारात शेठ लोक खूप, दानधर्म करणारे खूप. पाणपोईवर नाव, बाकड्यावर नाव, देवळाच्या पायरीवर नाव. आम्हीही काही कमी नाही. आमच्या घरी चहाच्या गाळणीवरसुद्धा ‘सप्रेम भेट’ आणि देणाऱ्याचं पूर्ण नाव कोरलेलं आहे. आप्पांना एकदा मी विचारलं होतं, “तुमच्या बाजारात सगळ्यांत मोठा माणूस कोण?” त्यांनी बराच विचार केला आणि एका हमालाचं नाव सांगितलं. “त्येच्याजवळ बसलं की आपण बारकं हाय असं वाटत न्हाय,” म्हणाले. “शेठजवळ बसलं की वाटतं.” मी तेव्हा कॉलेजात होतो. मला उत्तर फारच साधं वाटलं होतं.

गेल्या वर्षी गणपतीत आम्ही दोघं काशिनाथदादांच्या घरी गेलो. गौरी बसलेल्या. यमुनावहिनींनी, म्हणजे काशिनाथदादांच्या पत्नीने, वाटीभर खीर हातात दिली. मुलीला, प्रांजलला, दिवस गेल्याची गोड बातमी सांगितली. सुमन सहज म्हणाली, “गौरीला तुमच्या माहेरचं कुणी येतं की नाही वहिनी?”

वहिनींचा चेहरा उतरला. उत्तर काशिनाथदादांनी दिलं.

“भाव हाय ना तिला. नावाचा. पोरीचे लग्नान रुसून बसला भाईर.”

“कशावरून?”

“आमचे चुलत मेव्हन्याचे घरी अक्षत आदी गेली, याचे घरी मागून. येवऱ्यावरून! सख्खा मामा. मामानं हात धरून पोरीला मांडवान आनायची, तर हा त्या शेवग्याखाली खुर्ची टाकून. हात जोरले मी त्याला, भर रस्त्यान. बोलतो, ‘मना तुमचा मान नको, दुसऱ्याला बोलवा.’ आन आदले दिवशी हलदीचा सावंड पन त्यानंच बंद पारला. मुद्दाम!”

“ऱ्हाव द्या ना,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनाच राहवेना. “पोर बगत व्हती वो. मामा येल, आता येल. अंतरपाट धरला तरी मान वलवून दाराकरं बगं. मी तवाच बोलले, मना भाव नाय. मेला.”

“नाव काय त्यांचं?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

“हिराजी.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी खिरीची वाटी खाली ठेवली. मी उगाचच काहीतरी विचारल्यासारखं करून म्हणालो, “दादा, तुमच्याकडे मांडव पडल्यावर कुणी मयताला गेलं तर काय असतं?”

“मांडवाची मेढ बसली का घरचे मानसानं मयताला हात नाय लावायचा. आन लावलाच, तर लग्न लागंपत्तूर त्यानं मांडवान पाय नाय ठेवायचा. का वो?”

“नाही, सहज.”

घरी येताना आम्ही गल्ली ओलांडली. दहा पावलांची गल्ली. सुमन मध्येच उभी राहून म्हणाली, “अहो, माझ्या हातातलं ओझं घेतलं त्या माणसानं.” आणि चालू लागली.

पुढच्या रविवारी मी उरणकडे, हिराजीच्या गावी गेलो. घर खाडीकाठी. अंगणात तो जाळ्याची फाटलेली बाजू घेऊन बसला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही, पण आश्चर्य वाटलं. बायकोला चहा टाकायला सांगितला आणि पहिला प्रश्न, “वैनीचं मनगाट कसा हाय?”

मी सरळच विचारलं. “तुम्ही मामा होतात, हे तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तं तुमी खांदा देव दिला असता?”

“नसता दिला.”

“मंग?”

“निदान घरी तरी खरं सांगायचं होतं.”

त्याने जाळं बाजूला ठेवलं. “काय सांगू? पोरी, तुजे हलदीचे दिवशी मी मयत उचलून आलो? तिचे डोक्यान जलमभर ऱ्हायला असता. काय वाकरा झाला का तेच आठवाचा. आन बाया तुमचे घराला नावं ठेवत्या. त्यापेक्षा मामा रुसला, येवराच. मामा रुसतातच.”

“पण तुमचं नाव खराब झालं.”

आता तो मोठ्याने हसला. “माझं नाव काय सोन्याचं व्हता? मी दोनदा खराच रुसलेलो हाय साहेब. येकदा तं मटनाचे वाटीवरून! म्हनून तं सगल्यांना पटला. लगेच पटला.”

आतून त्याची बायको म्हणाली, “वाटी नाय, नली मिलाली नाय म्हनून.” तिला सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

“आणि बहीण?” मी विचारलं.

तो हसायचा थांबला. जाळ्याच्या दोऱ्याला पीळ देत बसला. “हां. तां लागतं,” म्हणाला. “गवरीला दरसाल जायाचो मी. येक साल चुकवला नव्हता.”

“मी जाऊन सांगतो. त्या शब्दातून मला मोकळं करा.”

“आता नको. पोरगी पोटुशी हाय. जरा पोटान दुखला तरी बाया तिकरंच नेतील. आता नको.”

चहा झाला. निघताना मी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही मागे वळून गेला असतात तरी कुणी काही म्हटलं नसतं. कशासाठी केलंत?”

त्याला प्रश्नच नीटसा कळला नाही. “कशासाठी म्हंजे? वैनीचा हात सुटत व्हता ना.”

परतीच्या वाटेवर मी त्याचा विचार करत होतो. जिन्यात त्याने जे केलं ते एखाद्या भल्या माणसाच्या हातून त्या घटकेला होऊन जाऊ शकतं, विचार करायला वेळच नसतो. पण दुसऱ्या दिवशी शेवग्याखाली बसायला दिवसभर वेळ होता. बहीण पदर डोळ्याला लावून आत गेली तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. भाची मान वळवून बघत होती तेव्हाही. आणि पुढची गौर आली तेव्हा, आणि तिच्यापुढची आली तेव्हा. प्रत्येक वेळी त्याने ते वाक्य गिळलं. चांगुलपणाचं नाव सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत, आपण गुप्तदान म्हणतो त्याला. पण चांगलं करून वर हलक्या मनाचा म्हणून नाव घेणं, तेही ज्या गोष्टीवरून लोक पिढ्यान्‌पिढ्या हसतात त्या मानपानावरून, आणि ते नाव हसत वागवणं, याला आपल्याकडे शब्द आहे की नाही मला माहीत नाही. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच असेल, तर तो बाहेरून अगदी उलटा दिसू शकतो. रस्त्यातून जाणाऱ्याला तो खुर्चीवर फुगून बसलेला माणूस दिसतो.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणाबद्दल ‘तो असला आहे’ असं ठामपणे सांगितलं की मी मनात म्हणतो, असेलही, पण आपल्याला जिना कुठे दिसला होता?

हिवाळा सरता सरता प्रांजलला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण माहेरी होत्या. गल्लीपलीकडून तान्ह्या रडण्याचा आवाज यायचा, शेगडीवरच्या ओव्याच्या धुरीचा वास यायचा. मी थांबलो. सुमन रोज विचारायची, “सांगायचं का आता?” मी म्हणायचो, “सुखरूप सासरी जाऊ दे.” हिराजी ‘आता नको’ म्हणाला होता, ‘कधीच नको’ म्हणाला नव्हता, एवढ्या आधारावर मी वाट बघत होतो. आधार लंगडा आहे हे मला कळत होतं. पण एका माणसाचं नाव चुकीच्या बाजूला पडलंय आणि ते फक्त मला ठाऊक आहे, हे घेऊन मला झोप लागेना.

यंदा वैशाख लागायच्या सुमारास प्रांजल लेकीला घेऊन सासरी गेली. दोन दिवसांनी मी आणि सुमन गल्ली ओलांडून गेलो. काशिनाथदादा आणि यमुनावहिनी दोघंही घरात होती. मी बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं: कोण जिन्यात होतं, स्ट्रेचर कुठे कललं, कुंकू कसं पुसलं, फोनवर काय बोलला, स्मशानात काय म्हणाला. एवढा वेळ मी सलग कधी बोललो नसेन.

“आयला,” काशिनाथदादा म्हणाले. मग पुन्हा, हळू, “आयला.” ते उठून दारात जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

 आत गॅसवर काहीतरी उतू जात होतं, तो वास आला तेव्हा यमुनावहिनी उठल्या, गॅस बंद केला आणि तिथूनच म्हणाल्या, “दोन गवरी गेल्या.”

जरा वेळाने बाहेर आल्या. “रविवारी जाव. साहेब, तुमीपन या. नायतर तो नाय बोलंल. मी वलखते त्याला.”

रविवारी आम्ही चौघं गेलो. दुपार कलली होती. हिराजी अंगणात होता. बहिणीला फाटकात बघून तो उभा राहिला, आणि मग त्याची नजर माझ्यावर आली. मी खाली बघितलं.

“काय रं दादूस,” वहिनी म्हणाल्या, “अजून रुसलास का?”

“ये ना, बस. पानी घे.”

“पानी नको. साहेबांनी सांगितला सगला.”

 हिराजी हात झटकून म्हणाला, “त्यांचं काय ऐकतेस? बाप गेलेला मानूस, त्याला काय आठवतं कोनी खांदा दिला आन कोनी नाय? मी रुसलो व्हतो. खराच रुसलो व्हतो. अक्षत मागून आली, मना राग आला. तू बोललीस तां बराबर बोललीस.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. बहिणीकडेच बघत होता, अगदी शांतपणे. तिने दोन वर्षं जे जे म्हटलं होतं ते तो एका दमात खरं ठरवत होता, म्हणजे तिला एक शब्दही परत घ्यावा लागू नये. मी बोलायला तोंड उघडलं आणि सुमनने माझा हात दाबला.

यमुनावहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

“बरा,” म्हणाल्या. “रुसला व्हतास तं रुसला व्हतास. मंग रुसवा कारायला नको? बस खाली.”

“आता कनाला—”

“बस बोलते ना!”

तो बसला. अंगणातच, जाळ्याशेजारी, लहान मुलासारखी मांडी घालून. काशिनाथदादांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही. वहिनींनी पिशवी उघडली.

मामाचा मान म्हणून दिलं ते असं: एक पांढरी टोपी, एक टॉवेल, एक नारळ. देणारी यमुना काशिनाथ म्हात्रे. घेणारा तिचा सख्खा भाऊ हिराजी, आणि त्याने ते रुसलेला मामा म्हणूनच घेतलं.